शेवटची पात

१

जया कुणाबरोबरही जाते. या तीन शब्दांनी मला तीन रात्री झोपू दिलं नाही.

तशी ती वाईट गोष्ट नाही, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मूल माणसाळलेलं आहे, म्हणतात. साडेचार वर्षांची मुलगी परका माणूस दिसला की आईच्या पदरात तोंड खुपसत नाही, याचं कौतुकच करायला हवं. मी केलंही. पण सोमवारी ती बोहारणीचं बोट धरून दोन इमारती पुढे गेली. बोहारणीच्या डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत माझ्याच जुन्या साड्यांचं गाठोडं आणि हाताला माझी मुलगी. "मी न्हाई बोलवलं बाई, ही आपली आपण आली," असं ती उलट मलाच रागावली. त्याआधी मे महिन्यात एका लग्नात जया मुलाकडच्या वऱ्हाडाच्या गाडीत जाऊन बसली होती आणि कुठल्याशा आजींच्या मांडीवर झोपलीसुद्धा होती. गाडी सुटली होती. मी शालू दोन्ही हातांनी वर धरून गाडीमागे धावत होते, त्याचा एक अतिशय स्वच्छ फोटो त्या लोकांच्या आल्बममध्ये आहे.

मी प्राथमिक शाळेत शिकवते. बेचाळीस मुलं सहलीला नेते आणि बेचाळीस परत आणते. बसमध्ये चढताना मोजते, उतरताना मोजते, मधे उगाच मोजते. बेचाळीस सांभाळता येतात आणि एक सांभाळता येत नाही, हे कुणाला सांगायचं? दुसऱ्या बायका अशा वेळी अंगारा लावतात, मीठ-मोहऱ्या ओवाळतात, निदान कुणाला तरी नवस बोलतात. आमच्या घरी ते सगळं सासऱ्यांनी धम्म स्वीकारला त्या वर्षीच बंद केलं. ते बरोबरच केलं. फक्त त्यामुळे भीती वाटली की तिला जायला दुसरी जागाच राहत नाही. ती सरळ माझ्या पोटात येऊन बसते.

तिसऱ्या रात्रीनंतरच्या सकाळी, डोळे चुरचुरत असताना, ह्यांनी माझ्यापुढे एक मासिक उघडून धरलं. टेलिफोन एक्स्चेंजच्या लायब्ररीतलं, इंग्रजी, गुळगुळीत कागदाचं. बाली नावाच्या बेटावरची भातशेती होती. डोंगर जिन्यासारखा कापलेला आणि पायरीपायरीवर पाणी.

"लोक विमानानं जातात हे बघायला," हे म्हणाले. "आणि आपल्या भीमाआत्याच्या दारात काय आहे?"

"चिखल," मी म्हटलं.

"तोच चिखल इथे रंगीत आहे. अगं, तिथे म्हणे आधी कारागिरांची गावं बघायची, मग शेतं. आपणही तसंच करू. आत्याच्या भाताची आवणी रविवारी आहे. नवा रोल भरतो. बारा फोटो."

मी जयाकडे पाहिलं. ती गॅलरीच्या गजांतून हात बाहेर काढून समोरच्या इमारतीतल्या अनोळखी गृहस्थांना "मी येऊ?" असं विचारत होती.

२

मुळशीला एसटीतून उतरलो तेव्हा पाऊस उभा कोसळत होता. आत्याच्या वस्तीकडे जायच्या वाटेवर बुरुडांची चार घरं लागतात. ह्यांनी जाहीर केलं की हेच आपलं कारागिरांचं गाव.

पडवीत भिवाजी बुरूड बसले होते. पायाच्या अंगठ्यात बांबूची कांब धरून कोयत्यानं तिची कातडी सोलावी तशा पट्ट्या काढत होते. वर आढ्याला इरली टांगलेली. आवणीच्या वेळी बायका डोक्यावरून पाठीवर घेतात ती इरली. बांबूच्या दोन जाळ्या, मधे पळसाची पानं दाबलेली. अंगावर घेतलं की माणूस वाकून दोन्ही हातांनी काम करू शकतो आणि पाठ कोरडी राहते. रिकामी टांगलेली असली की मात्र ती तशी दिसत नाहीत. मला वाटलं, आत कुणीतरी आहे आणि पाठ करून बसलंय. सगळ्यांतच.

"भिवाजीबाबा, इकडे बघू नका," हे कॅमेरा लावत म्हणाले. "अगदी नेहमीसारखं बसा."

"मग रोज कसा बसतोय मी?" भिवाजी म्हणाले आणि एकदम ताठ झाले, जणू पोलीस चौकीत बसलेत.

एक फोटो गेला. दुसऱ्यात त्यांनी कोयता छातीशी धरला. हे "नको नको" म्हणत असताना भिवाजींनी जयाकडे पाहिलं. मग उठले, काठीनं आढ्यावरचं एक छोटं इरलं काढलं आणि तिच्या डोक्यावर ठेवलं.

बरोबर बसलं. वरून टाळूला आणि खाली गुडघ्याच्या लवणीला. एक बोटभर इकडे नाही, तिकडे नाही.

"अगदी हिच्यासाठी केल्यासारखं आहे," मी हसून म्हटलं. दुकानात म्हणतात तसं.

"हिच्यासाटीच केलंय."

"तुम्ही हिला कधी पाहिलंय?"

"न्हाई. माप आलतं."

भिंतीला एका खुंटीवर बांबूच्या काड्यांची जुडी लटकत होती. ज्याला इरलं हवं असतं तो टाळूपासून लवणीपर्यंतच्या उंचीची काडी तोडून पाठवतो. नाव नाही, चिठ्ठी नाही, काडी हीच ओळख. भिवाजींनी जुडीतली सगळ्यात आखूड काडी उपसली आणि जयाच्या पाठीला लावली. मी शाळेत पट्टी धरायला शिकवते. मला नाकारता आलं नाही.

"कुणी पाठवलं माप?"

"पोरगी घिऊन आली."

"कुठली पोरगी?"

भिवाजींनी मोठ्या माणसानं लहान मुलाच्या प्रश्नाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. "हिच्याएवडीच. दोन सांगितलीवती. येक ती घिऊन गेली. ह्ये ऱ्हायलं."

माझ्या डोक्यात ताबडतोब उत्तर तयार झालं. साडेचार वर्षांची मुलं साधारण एकाच उंचीची असतात. माझ्या वर्गात एका उंचीच्या सात जणी आहेत. आत्यानं वस्तीतल्या कुणा मुलीला उभं करून काडी तोडली असणार. आम्ही येणार, हे पत्रानं तिला कळवलं होतंच. इतकं सोपं होतं. मी ह्यांना तसं सांगितलं.

"पत्र टाकायचं राहिलं गं," हे म्हणाले. "ते अजून माझ्या शर्टाच्या खिशात आहे."

जया तोवर इरल्यासकट पुढच्या घरात शिरली होती आणि कुणाच्या तरी चुलीशी बसून नाचणीची भाकरी खात होती.

३

आत्याची भातखाचरं एकाखाली एक, चार. सगळ्यात खालच्या खाचराच्या पुढे धरणाचं पाणी, राखाडी आणि गप्प. बालीच्या चित्रातला हिरवा रंग इथेही होता, पण इथे त्याच्यावर पाऊस पडत होता, आणि त्यात पाय घातला की तो पाय परत द्यायला तयार नव्हता.

"जयभीम आत्या!" हे वरच्या बांधावरून ओरडले.

"जयभीम, जयभीम! आलं का फोटोवालं?" भीमाआत्या रोपांच्या मुठी घेऊन खालून वर येत होत्या. सत्तरीच्या, माझ्याहून सरळ पाठीच्या. "आनि मास्तरीणबाई बी आल्या. बरं झालं. आता चिखलात हजेरी घ्या. ह्या बाया लई दांड्या मारत्यात."

खाचरात वाकलेल्या बायकांतून हसणं उठलं. चेहरे दिसत नव्हते. दहा इरली एका रांगेत, हळूहळू मागे सरकत. भात लावणारी माणसं मागे चालतात. पुढ्यात रोप खोचायचं, एक पाऊल मागे. प्रत्येकीच्या वाट्याला खाचराचा एक लांबट पट्टा असतो, त्याला पात म्हणतात. या बांधापासून सुरू करायची आणि पाठीमागच्या बांधाला टेकली की पात संपली.

मी मोजलं. सवयच आहे. दहा. आत्यांना विचारलं, "किती जणी आलात?"

"तुळजाबाई धरून धा."

दहाला दहा. मला इतकं बरं वाटलं की हसूच आलं. म्हटलं, बघ, तुझ्या डोक्यात उगाच किडे.

मग आत्या म्हणाल्या की आवणीला आलेल्या पाहुण्यानं चार रोपं लावल्याबिगर जेवायचं न्हाई. ह्यांनी कॅमेऱ्याची सबब सांगितली आणि सगळ्यात वरच्या खाचराकडे, बालीसारखा कोन शोधायला निघून गेले. मी पाय वर खोचून उतरले, चार रोपं लावली. त्यातली तीन माझ्या देखत आडवी होऊन तरंगू लागली.

"बाई, पोरांवर रागावताव म्हून भातावर बी का?" कुणीतरी म्हणालं. पुन्हा हसणं.

"आता मी," जया म्हणाली. इरल्याखालून तिचे फक्त दोन पाय दिसत होते.

आत्या मुठी आणायला खाली गेल्या होत्या. रांगेच्या शेवटी, धरणाच्या बाजूला, एका माणसाची जागा मोकळी होती. दहा बायकांनी आपापल्या पाती धरलेल्या आणि अकरावी पात तशीच रिकामी मागे येत होती. कुणी लावत नव्हतं, पण कुणी तिच्यात शिरतही नव्हतं. शेजारची तुळजाबाई आपली कोपरंसुद्धा तिच्या बाहेर ठेवून वाकली होती.

आता माझं काय चुकलं ते सांगते. बारा वर्षं शाळेत काढलेल्या बाईला रांगेतली मोकळी जागा बघवत नाही. हात आपोआप वर जातो. प्रार्थनेला, कवायतीला, पाण्याच्या नळाला, कुठेही. "पुढे सरका, जागा भरा" हे मी झोपेतही म्हणते, असं हे सांगतात.

"जया," मी म्हटलं, "ती बघ तिथे जागा आहे. तिथे उभी राहा."

४

गाणं थांबलं. त्या इतका वेळ गात होत्या, हे मला गाणं थांबल्यावर कळलं.

तुळजाबाई न वळता, वाकलेल्या अवस्थेतच म्हणाली, "पोरीला हितं कुणी उबं केलं?"

"मी." माझा आवाज वर्गातल्या मुलासारखा निघाला. "का? काय झालं? काढते लगेच."

"आता न्हाई. पातीत शिरलेलं मानूस मदीच न्हाई काडायचं. पात बांधाला लागू द्या."

"अहो, पण..."

"बाई, पाटीमागच्या बांधावर जावा. तितं हुबं ऱ्हावा. आनि बोलू नगा."

गाणं पुन्हा सुरू झालं. मी बांधावरून वळसा घालून मागच्या बांधावर गेले. चिखलात दोनदा बसले. उभी राहिले आणि पाहिलं.

सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या. अकरा इरली माझ्याकडे पाठ करून माझ्याकडे येत होती. हे शेतीचं साधं तंत्र आहे, मी स्वतःला समजावलं. माणसं मागे चालतात, म्हणून पाठ आधी येते. माझी मुलगी पाठमोरी माझ्याकडे येते आहे, यात भिण्यासारखं काहीही नाही.

मग मी मोजलं.

बारा.

पुन्हा डावीकडून. दहा मोठी. आणि शेवटी दोन छोटी, शेजारीशेजारी, एकाच पातीत. एकाच मापाची. एकीनं रोप खोचलं की दुसरीनं एक खोचायचं, दोघींनी एकदम एक पाऊल मागे. साडेचार वर्षांची मुलगी, जिला बुटाचे बंद बांधता येत नाहीत, ती तुळजाबाईच्या तालात भात लावत होती. आणि तिच्याशेजारी तशीच एक.

माझा चष्मा ओला होता. पदरानं पुसला. दोन. काढून बघितला तर चार दिसल्या, म्हणून घाईघाईनं परत लावला.

"अहो!" मी वर बघून ओरडले. "अहो, शेवटी बघा! दोन आहेत का?"

हे वरच्या बांधावर एका पायावर उभे होते. डोळा कॅमेऱ्याला. "काय दोन?"

"छोट्या! छोट्या मुली!"

"एकच आहे की!"

"नीट बघा!"

"अगं, माझ्या चौकटीत एकच मावते! जरा डावीकडे सर, तुझी छत्री मधे येतेय!"

मी डावीकडे सरले. एवढ्या भीतीतही सरले, याचं मला आजही नवल वाटतं.

भीमाआत्या माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुमीच घातली व्हय तितं पोर?"

"आत्या, ती दुसरी कोण आहे?"

"पात तिची हाय."

"म्हणजे? भूत?"

"ह्या!" आत्या खरोखर चिडल्या. "भूतबीत काय न्हाई मानीत आमी. शिकलेली ना तुमी? पोर हाय ती."

"कुणाची?"

"ते कुटं इचारायचं." त्यांनी हातातली मूठ झटकली, तिचं पाणी माझ्या पायावर पडलं. "आमी पात सोडतुया, ती लावतीया. कुनाचं कुनाला अडत न्हाई. आजवर मदी कुनी शिरलं न्हाई एवडंच."

"मी आत्ता जाऊन जयाला उचलते."

"कुटली?" आत्या म्हणाल्या.

मी पुन्हा बघितलं. दोघी सारख्याच वाकल्या होत्या. सारख्याच पोटऱ्या, गुडघ्यापर्यंत सारखाच चिखल.

"इरलं वर करून बघते."

"त्ये मातुर करू नगा." आत्यांनी माझं मनगट पकडलं. "येकीचं वर केलं की दोगी बी वर बगत्यात. मग कसं वळकनार? बांधाला लागल्या की हात धरा आनि चालू लागा. येकदाच. अदलाबदल न्हाई."

५

पात संपायला किती वेळ लागला, सांगता येत नाही. माझ्या घड्याळात पाणी गेलं होतं.

मी विचार केला. मी विचार करणारी बाई आहे, वाटलं तर दोष म्हणा. खूण शोधली. जयाच्या फ्रॉकची किनार इरल्यात झाकलेली. हाताला बांगडी नाही. हाक मारली, "जया!" दोघींपैकी एकीनंही मान हलवली नाही. पण खरी जयासुद्धा हाकेला मान हलवत नाही. पिशवीतून ग्लुकोज बिस्किटाचा पुडा काढला आणि कागद वाजवला. दोन इरल्यांखालून दोन चिखलाळ हात मागे आले. तळहात वर. मी दोन्ही हातांवर एकेक बिस्किट ठेवलं. दुसरं करणार काय? दोन्ही हात आत गेले. दोन्हीकडून कुरुमकुरुम ऐकू आलं.

"चांगलं केलं," आत्या म्हणाल्या. "उपाशी हुती सकाळधरनं." कोण ते त्यांनी सांगितलं नाही.

चार हात अंतर उरलं. तीन. बायका एकेक करून बांधाला टेकत होत्या, पाठ सरळ करत होत्या, माझ्याकडे न बघता भाकरीच्या फडक्याकडे जात होत्या. फक्त तुळजाबाई तशीच शेजारी वाकून राहिली.

आणि तेव्हा मला ते सुचलं. तीन रात्री ज्यानं झोप उडवली तेच वापरायचं. जया कुणाबरोबरही जाते. माझी मुलगी म्हणजे आई आणि परकी बाई समोर असताना परक्या बाईचं बोट धरणारी मुलगी. आईकडे धावत येईल ती माझी नव्हेच! ती दुसरी असणार. तिला आई हवी असणार.

मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की क्षणभर भीती गेली. उद्या स्टाफरूममध्ये सांगायला हवं असंही मनात येऊन गेलं.

"तुळजाबाई," मी हळूच म्हटलं, "माझ्या बरोबरीनं हात पुढे करा. म्हणा, चल गं माझ्या घरी."

"मी? मला पाच हायेत घरात."

"नुसतं म्हणा हो!"

दोन छोट्या टाचा बांधाला लागल्या. मी उजवा हात खाली सोडला. तुळजाबाईनं आपला. "चल गं पोरी, माझ्या घरी," ती म्हणाली, अगदी नाइलाजानं.

एका इरल्याखालून हात आला आणि त्यानं तुळजाबाईचं बोट धरलं. सहज. बोहारणीचं धरलं होतं तसं.

दुसऱ्या इरल्याखालून हात आला आणि त्यानं माझं बोट धरलं. घट्ट. तो हात थरथरत होता. थंडीनं असेल, इतका वेळ पाण्यात होता.

मी माझं बोट सोडवू लागले. सुटेना. मग डाव्या हातानं त्या छोट्या मुठीतली बोटं एकेक करून उघडली. करंगळीपासून सुरुवात केली. पाच बोटं उघडायला किती वेळ लागतो? आवाज झाला नाही. रडणं नाही, हाक नाही. मी तुळजाबाईकडचा हात ओढून घेतला, मुलगी इरल्यासकट कडेवर घेतली आणि चढणीला लागले.

वरच्या बांधावर पोचल्यावर मी एकदा मागे पाहिलं. पाहायला नको होतं, पण आत्यांनी तसं काही सांगितलेलंही नव्हतं. सगळ्या बायका भाकरीभोवती बसल्या होत्या. खालच्या बांधावर एक छोटं इरलं उभं होतं. या वेळी पाठ नव्हती. ते माझ्याकडे तोंड करून एकेक पाऊल मागे जात होतं, पाण्याच्या दिशेनं, जसं भात लावताना जातात. चेहरा दिसला असं मी म्हणणार नाही. पाऊस होता, काच ओली होती. हनुवटी दिसली. हनुवटी सगळ्याच मुलांची तशी असते.

६

झाडाखाली इरलं काढून मी मुलगी तपासली. दोन डोळे, एक नाक, वाहणारं. कपाळावर कांजण्यांचा जुना वण. उजव्या गालाला खळी, हसवल्यावरच पडणारी. हसवून बघितलं, पडली. अंगावर माझ्याच हातानं शिवलेला फ्रॉक, शिवण वाकडी. हे तिन्ही त्रिकाळ घरी जिला बघतात ती हीच, असं त्यांनीही सांगितलं, पण त्यांचं लक्ष रोलमधल्या उरलेल्या फोटोंकडे होतं.

"तू फार घाबरतेस बुवा," ते म्हणाले. "बालीच्या लोकांच्या बायका घाबरत असत्या तर एवढे पर्यटक आले असते का?"

दुपारच्या एसटीला गर्दी नव्हती. कंडक्टर इरल्याकडे बघून म्हणाला, "ते कासव सीटखाली सारा, बाई." जया माझ्या मांडीवर खिडकीशी बसली. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी "काय गं, येतेस का माझ्याकडे?" असं विचारलं आणि हात पुढे केला. जयानं त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्या पदराची कड मुठीत धरून मांडीवर मागे सरकली.

मला इतका आनंद झाला! म्हटलं, पोरीला अद्दल घडली. एका दिवसात शहाणी झाली. हे डोळे मिटून बसले होते, त्यांना कोपरानं ढोसून मी सांगितलं, "बघा, जात नाही आता कुणाकडे." ते "हूं" म्हणाले.

पौड मागे पडलं. पदर अजून तिच्या मुठीत होता. मी तिचे केस पुसले. मला वाटलं, आता ती भूक लागली म्हणेल, किंवा शू, किंवा अजून किती लांब. तिची हनुवटी मी वर उचलली.

"काय गं, घाबरली होतीस का तिथे?"

"मी नाही," ती म्हणाली. "ती घाबरली होती. पण मग ती मला म्हणाली, 'जा तू. माझी आई हुशार आहे, तिच्या येईल लक्षात.'"